पान लागलं

डॉक्टर इरफान परकारांची जाहिरात पुन्हा परत आली, तेव्हा ते स्वतःच जिना चढून समिधा शिगवणच्या ऑफिसात आले. चिपळूणच्या बाजारात एका भांड्यांच्या दुकानावर तिची खोली होती. दोन खुर्च्या, एक टेबल, खिडकीतून येणारा वाशिष्ठीवरचा दमट वारा, एवढाच पसारा. पण धंद्यात तिचं नाव होतं. मूळव्याधीचं मलम विकणारा असो, दारू सोडवणारा असो की वजन उतरवणारा, ज्याची जाहिरात कंपनीच्या चाळणीत अडकायची तो शेवटी समिधाचा जिना चढायचा. कुठला शब्द घातला की जाहिरात परत येते आणि त्याच अर्थाचा कुठला शब्द बिनबोभाट आत सरकतो, हे तिला इतकं अंगवळणी पडलं होतं की घरी बोलतानाही ती मध्येच थांबून शब्द बदलायची.

त्या वर्षांत लोकांनी याद्या वाचणं सोडलं होतं. पूर्वी फोनवर काही शोधलं की नावांची रांग लागायची आणि माणूस त्यातलं एक निवडायचा. आता फोन तोंडाशी धरायचा, आपल्या बोलीत विचारायचं आणि कंपनीचा 'वाटाड्या' एकच उत्तर द्यायचा. उत्तर एकच, म्हणून त्याची जागा विकली जायची. कोणत्या शब्दावर कोणाचं नाव यावं याचा लिलाव व्हायचा आणि जिंकेल त्याचं नाव वाटाड्या घ्यायचा. वाटाड्याला मालवणी कळायची, आगरी कळायची, संगमेश्वरी कळायची. म्हातारी माणसंसुद्धा त्याच्याशी भांडायची. कोणाच्या घरी गाभण म्हैस आहे, कुठल्या दुकानात पंपाचा वायसर मिळेल, सगळं त्याला विचारायचं. शेजाऱ्याला विचारायची सवय हळूहळू सुटत गेली होती.

परकारांनी सरकारी नोकरीतली वर्षं सर्पदंशाचे रोगी बघण्यात घालवली होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक ट्रस्ट काढला होता. खुर्चीत टेकून त्यांनी आपलं काम समिधाला समजावून सांगितलं. नागाचं विष अंगात शिरलं की नसांच्या टोकांना जाऊन चिकटतं. मेंदूने स्नायूंना धाडलेला हुकूम मग तिथेच अडतो. आधी पापण्या पडतात, मग जीभ जड होते, मग छाती थांबते. जुनं औषध घोड्याच्या रक्तातून काढायचे. ते थंडीत ठेवावं लागे, शिरेतून द्यावं लागे आणि कधी कधी त्या औषधानेच माणूस घुसमटे. नवं औषध प्रयोगशाळेत घडवलेलं होतं, विषाच्या कणावर बरोब्बर बसेल अशा टोपणासारखं. फ्रीज नको, सलाइन नको. मांडीत एक सुई, आणि ती गावातल्या आशाताईनेही द्यावी. अट एकच. कण नसेला चिकटायच्या आत टोपण बसलं पाहिजे. नंतर कितीही सुया टोचल्या तरी त्या पाण्याच्याच.

म्हणून डॉक्टरांनी डोंगरातल्या वाड्यावाड्यांवर औषधाच्या पेट्या ठेवल्या होत्या. पेटी जिच्याकडे, तिचं घर म्हणजे केंद्र. ती माहेरी गेली की पेटी दुसरीकडे. आज पेटी कुठे आहे हे गावाला ठाऊक नसायचं, पण वाटाड्याला कळवता येत होतं. चावा बसला, फोनला विचारलं, फोनने जवळच्या पेटीचं घर सांगितलं आणि तिथे घंटाही वाजवली, असा साधा हिशेब होता. आणि तोच जमत नव्हता.

कारण 'साप' हा शब्द निर्बंधित होता. 'विष' निर्बंधित, 'दंश' निर्बंधित, 'उतारा' तर कधीचाच.

समिधाला त्याचं कारण माहीत होतं. काही वर्षांपूर्वी विष उतरवणाऱ्या भगतांनी याच लिलावात बोली लावायला सुरुवात केली होती. साप चावला म्हणून विचारलं की वाटाड्या भगताचा पत्ता सांगायचा. माणसं अंगाऱ्यावर मेली. त्याच सुमारास शहरांत नशेसाठी सापाचं विष विकणाऱ्यांची टोळी पकडली गेली, त्यांच्याही जाहिराती निघाल्या. कंपनीने तो सगळा विषयच बंद केला. मोठ्या रुग्णालयांना परवाना मिळायचा, पण त्यासाठी खाटा दाखवाव्या लागत. परकारांकडे खाटा नव्हत्या, पेट्या होत्या. त्यांचे अर्ज यंत्रच वाचायचं आणि यंत्रच फेटाळायचं.

"तुम्ही बाकीच्यांचं करता तसं माझं करा," डॉक्टर म्हणाले. "खोटं काही लिहायचं नाहीये. फक्त खरं सांगायला शब्द हवाय."

समिधा हसली. मूळव्याधीपेक्षा हे सोपं होतं. ती म्हणाली, "डॉक्टर, आमच्या गावात सापाला साप म्हणतंय कोण?"

*

समिधाची आई लवकर गेली होती. तिला वाढवलं सुलोचना मावशीने, आंबेकोंडला. गाव दरीत होतं, वर सह्याद्रीची भिंत. मावशीचे केस पिकले होते, पण काजूच्या बागेत अजून सगळ्यांच्या पुढे असायची. समिधा गेली तेव्हा ती खळ्यात पेंढा रचत होती.

पूर्वी दिवेलागणीनंतर त्या जनावराचं नाव घेत नसत. नाव घेतलं की ते येतं म्हणायचे. नाव टाळायची ही रीत पुढे दिवसाच्या बोलण्यातही मुरली होती. समिधाने विचारलं तेव्हा मावशी पेंढ्यावरच बसली आणि आठवून आठवून सांगू लागली. कोणी लांबडं म्हणतं, कोणी किरडू, कोणी नुसतं जनावर. पलीकडच्या वाडीत राखणदार म्हणतात. आणि चावलं असं तर कोणीच म्हणत नाही.

"मग काय म्हणतात?"

"पान लागला म्हणतात. आख्ख्या दरीत हाच बोल. तुझी आजीपन हाच बोलायची." मावशीने तिच्याकडे बघितलं. "पन तुला कशाला गो ह्ये?"

समिधाने सांगितलं. माणसं वाचतील हे ऐकून मावशी खूश झाली. आपले बोल कोणाच्या उपयोगी पडतात म्हणून तिने दोन दिवस समिधाला ठेवून घेतलं आणि शेजारणींना बोलावून आणखी शब्द गोळा करून दिले.

जाहिरात एका झटक्यात पार झाली. चाळणीच्या लेखी 'पान लागलं' म्हणजे विडा. त्याआधी कोणी घाबरून फोनला 'पान लागलं' असं सांगितलं, तर वाटाड्या जवळच्या पानपट्टीचा पत्ता द्यायचा. दरीतली माणसं त्यावरून हसायची. आता तोच फोन पेटीचं घर सांगू लागला.

लावणीच्या दिवसांत तो शब्द कामाला लागला. चिखलात उभ्या बायका, बांधावरचे गडी, चिरेखाणीवरचे मजूर, ज्याला चावा बसला तो आपल्या तोंडच्या बोलात ओरडला आणि फोनने ऐकलं. परकार रोज संध्याकाळी समिधाला कळवायचे, आज अमक्या वाडीत एक, तमक्या कोंडावर एक. चिरेखाणीवरची एक बाई बरी झाल्यावर काजूगराची पिशवी घेऊन जिना चढून आली आणि टेबलावर पिशवी ठेवून हात जोडून उभी राहिली. समिधाने इतकी वर्षं मलमं विकली होती. तिच्यासमोर असं कोणी उभं राहिलं नव्हतं. त्या रात्री ती मावशीला फोनवर सगळं सांगताना रडली, आणि मावशीने तिला, येडी की काय, असं म्हणून गप्प केलं.

*

दसऱ्याच्या आधी एका सकाळी जाहिरात बंद पडली. समिधाने कारण बघितलं. 'पान लागणे' निर्बंधित.

तिने फोन उचलला आणि अगदी मावशीच्या सुरात म्हणाली, "मला पान लागलं."

"हा विषय संवेदनशील आहे," वाटाड्या मऊ आवाजात म्हणाला. "कृपया तज्ज्ञांचा सल्ला घ्या किंवा आपत्कालीन सेवेशी संपर्क साधा."

चाळण म्हणजे बंदी घातलेल्या शब्दांची यादी, असं बहुतेकांना वाटतं. पूर्वी ती तशी होतीही. पण यादीला चकवणारे समिधासारखे लोक वाढले, तेव्हा कंपनीने यादी फेकून दिली आणि अर्थावर पहारा बसवला. यंत्राच्या आत प्रत्येक शब्दाला एक जागा असते, जशी नकाशावर गावाला असते. जवळच्या अर्थाचे शब्द जवळजवळ राहतात. कंपनी आता एकेक गाव बंद करत नव्हती, आख्खा मुलूख बंद करत होती. आणि शब्दाची जागा कायमची ठरलेली नसते. माणसं एखादा शब्द बोलल्यावर पुढे काय करतात ते यंत्र बघत असतं. पान लागलं म्हणणारा विडा विकत घेत नाही, पेटीच्या घराकडे धावतो, हे त्याने लावणीभर बघितलं. एकेका धावणाऱ्या माणसागणिक तो शब्द विड्यापासून सुटून सापाकडे सरकत गेला, आणि एक दिवस बंद मुलखाच्या वेशीच्या आत गेला.

म्हणजे शब्दाने माणसं वाचवली, म्हणूनच तो बंद झाला होता. जितकी जास्त वाचवली तितका लवकर.

समिधाने कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसात दाद मागितली. बऱ्याच खटपटीनंतर एक खरी बाई पडद्यावर आली. ती शांतपणे ऐकून घेणारी होती आणि तिला वाईटही वाटलं. पण ती म्हणाली की, चाळणीतून एक शब्द बाहेर काढता येत नाही. पाण्यात विरघळलेल्या मिठातला एक खडा वेगळा काढून द्या म्हणण्यासारखं आहे ते. शिवाय ज्या दिवशी चाळण ढिली होईल त्याच दिवशी भगत परत येतील. ते खरंच होतं.

परकार मात्र डगमगले नाहीत. एक शब्द गेला तर दुसरा घ्या, म्हणाले. मावशीने दिलेले शब्द होतेच. समिधाने 'लांबडं' घातला, 'किरडू' घातला, 'राखणदार' घातला. यंत्र आता शिकलं होतं. पहिला शब्द काही महिने टिकला, पुढचे आठवड्यांवर आले. प्रत्येक शब्द काही माणसं वाचवायचा आणि मिटायचा. डॉक्टरांचा हिशेब सरळ होता. शब्द वापरलाच नाही तर कोणीच वाचत नाही, वापरला तर मिटेपर्यंत तरी वाचतात. समिधालाही तो पटायचा. तरी नवा शब्द जाहिरातीत भरण्याआधी ती तो एकदा स्वतःशी मोठ्याने म्हणून घ्यायची. ती गाडी घेऊन वरच्या गावांत फिरायची, म्हाताऱ्यांशी गप्पा मारायची, आणि एखादा न ऐकलेला शब्द कानी पडला की आधी आनंद व्हायचा, मग वाटायचं, आता हाही मिटणार.

*

गवत कापणीच्या शेवटाला एक माणूस जिना चढून आला. अंगात स्वच्छ सदरा होता, डोकं नुकतं भादरलेलं होतं. खुर्चीत बस म्हटलं तरी तो बसला नाही. जानू झोरे, आंबेकोंडच्या वरच्या धनगरवाडीतला, म्हणून त्याने ओळख दिली. शब्द ठरवणाऱ्या मॅडम चिपळुणात असतात, असं त्याला पेटीवाल्या आशाताईने सांगितलं होतं.

त्याने सांगितलं ते असं. म्हशींसाठी गवत कापायला तो आणि त्याची बायको सगुणा माळावर गेले होते. भर दुपार होती. पेंडी बांधताना सगुणाने हात मागे घेतला आणि नुसती त्याच्याकडे बघत राहिली. हातावर खूण होती. यंदाच्याच लावणीत त्याच्या चुलत्याला असंच झालं होतं, आणि त्याला फोननेच वाचवला होता. सगळ्या वाडीने ते बघितलं होतं. म्हणून जानू घाबरला नाही. त्याने फोन काढला आणि सांगितलं, बायकोला पान लागलंय.

फोन म्हणाला, विषय संवेदनशील आहे.

जानूला वाटलं, वाऱ्यामुळे ऐकू गेलं नसेल. तो गवताच्या उडवीआड गेला आणि परत बोलला. मग वाटलं, आपण धनगरी हेल काढून बोलतो म्हणून कळत नसेल, तर त्याने शाळेतल्या गुरुजींसारखं सावकाश, एकेक अक्षर सुटं करून सांगितलं. मग आवाज चढवला. मग हात जोडून सांगितलं. दर खेपेला फोन तेच बोलला. शेवटी तो म्हणाला, आपण थोड्या वेळाने प्रयत्न करा, आणि गप्प झाला. जानूने तेव्हा रुग्णवाहिकेला फोन लावला. ती घाट चढून येईपर्यंत सगुणाचे डोळे मिटायला लागले होते. ती काहीतरी सांगत होती, पण जीभ वळत नव्हती.

"पेटी कुठं होती?" समिधाने विचारलं. तिला ते विचारायचं नव्हतं.

"टेकाडाच्या खाली, पुजाऱ्याच्या घरात. माझी हाक ऐकू गेली असती. दहाव्याला समजलं मला."

खाली भांड्यांच्या दुकानात कोणीतरी पातेली रचत होतं. तो आवाज थांबेपर्यंत जानू थांबला.

तो भांडायला आला नव्हता. त्याच्या बोलण्यात राग शोधत समिधा त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. राग असता तर तिला बरं वाटलं असतं. त्याला फक्त एक गोष्ट कळत नव्हती आणि ती कळल्याशिवाय त्याला झोप येत नव्हती.

"मॅडम, आमी काय बोलायला पायजे होतं?"

समिधाच्या जिभेवर उत्तर होतं. त्या आठवड्यात चालू असलेला शब्द खालच्या खाडीकाठचा होता. धनगरवाडीत तो कोणी जन्मात ऐकला नसता. तो आत्ता याला सांगितला असता तर त्याने आयुष्यभर स्वतःला दोष दिला असता की, आपल्याला तो ठाऊक नव्हता.

"तुम्ही बरोबर बोललात," ती म्हणाली. "काहीच चुकलं नाही तुमचं. शब्द मी वापरून संपवला."

त्याला ते समजलं की नाही कोण जाणे. शब्द संपतो कसा, असं काहीसं तो पुटपुटला. मग पाणीही न घेता जिना उतरून गेला.

समिधा खुर्चीत बसून राहिली. आधी वाटाड्या पानपट्टीचा पत्ता सांगायचा, तेव्हा माणसं फोन खिशात टाकून टेकाडावरून हाक मारायची. फोनवर विसंबायला त्यांना तिने शिकवलं होतं, एका लावणीपुरतं, आणि तेवढं पुरे झालं होतं.

*

आंबेकोंडला जाऊन तिने मावशीला सांगितलं, तेव्हा मावशीला आधीच कळलेलं होतं. सगुणा तिच्याकडे दूध घालायला यायची. मावशीने समिधाला जेवायला वाढलं, स्वतः जेवली नाही.

"मी तुला बोल दिले," ती म्हणाली. "पोरांच्या तोंडातला घास काढून द्यावा तसे दिले की गो."

समिधाने तिला यंत्राचं समजावून सांगायचा प्रयत्न केला. मावशीने हात वर करून थांबवलं. त्यानंतर ती समिधाशी जेवढ्यास तेवढं बोलू लागली. कुठलाही शब्द तोंडातून काढण्याआधी भाचीकडे बघायची, जणू ही तो उचलून नेईल.

डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते चष्मा काढून बराच वेळ डोळे पुसत बसले. पण थांबायला ते तयार नव्हते. त्यांच्याकडे पुण्यातल्या एका एजन्सीने नवी युक्ती धाडली होती. सापाचे शब्द संपले तर दुखण्याचे शब्द घ्या. 'पाय सुजला', 'डोळे मिटतात', 'बोलता येत नाही'. हे तर सगळेच बोलतात, यात गावागावाचा फरक नाही.

समिधाने विचारलं, "आणि ते बंद झाले की? अर्धांगाचा झटका आलेल्याने काय म्हणायचं? ज्याचा पाय नुसताच सुजलाय त्याने?"

"ते बंद व्हायला वेळ लागेल. फार लोक वापरतात ते शब्द."

"पण होतील."

"होतील," परकार म्हणाले. त्यांचा आवाज थकलेला होता. "तुम्ही शब्द वाचवायला बघताय, समिधाताई. मला माणसं वाचवायचीत. माझ्या पेट्या घराघरांत पडून आहेत आणि शेजारी माणूस मरतोय. तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?"

ती त्यांच्याच जागी होती, लावणीपासून. तिने त्यांचं काम सोडलं. आठवड्याभरात पुण्याच्या एजन्सीने नव्या जाहिराती चालू केल्या आणि त्या पार झाल्या. पहिल्या दिवशी दोन माणसं वाचल्याचं परकारांनी तिला मुद्दाम कळवलं. तिला आनंद झाला आणि त्याच क्षणी तिने मनात मोजायला सुरुवात केली की, 'पाय' हा शब्द बंद मुलखाच्या वेशीपासून किती लांब आहे. ते मोजणं पुढे कधी थांबलं नाही.

इतर गिऱ्हाइकांची कामंही तिने एकेक करून सोडली. पेट्यांची जी काही माहिती तिच्याकडे होती ती घेऊन ती वाड्यावाड्यांवर जाऊ लागली. आज पेटी अमक्या घरी आहे, पुढच्या महिन्यात तमक्या घरी असेल, चावा बसला तर फोन काढू नका, हाका मारा. एवढंच सांगायचं. लोक चहा पाजायचे, मान डोलवायचे आणि ती निघाली की फोनकडे वळायचे.

धनगरवाडीत जायचा धीर तिला कितीतरी दिवस होत नव्हता. शेवटी मावशीच एका सकाळी पदर खोचून दारात उभी राहिली आणि चल म्हणाली. दोघी चढण चढून गेल्या.

जानूच्या अंगणात वाडीतल्या बायका जमल्या. जानू स्वतः म्हशींकडे गेला होता. त्याची मुलगी स्वरा, नऊ-दहा वर्षांची, बापाचा फोन हातात घेऊन पायरीवर बसली होती. समिधाने पेटी कुठे आहे ते सांगितलं. मग विचारलं, "समजा, उद्या कुणाला पान लागलं तर..."

सगळ्या बायका एकदम शहारल्यासारख्या झाल्या. एकीने पदर तोंडाला लावला. दुसरी हळूच म्हणाली, "ताई, ह्यो बोल आता कोन बोलत नाय हितं."

समिधाला वाटलं, सगुणाच्या दुःखामुळे. तसं नव्हतं. बाईने फोनकडे बोट दाखवून सांगितलं की, तो शब्द ऐकला की हा रुसतो, मग बाकीचंही सांगत नाही. म्हणून पोरांनाही ताकीद दिली आहे. लांबडं म्हणायचं नाही, किरडू म्हणायचं नाही. त्याचं काही बोलायचंच नाही. परवा एका पोराने माळावर काहीतरी बघितलं, तर त्याने घरी येऊन नुसता हात हलवून दाखवला.

समिधाने मावशीकडे बघितलं. मावशीचं तोंड राखेसारखं झालं होतं.

"मग चावलं तर सांगाल कसं गो एकमेकींला?" मावशीने विचारलं.

मावशी उठली, अंगणाच्या मधोमध जाऊन उभी राहिली, आणि दिवसाउजेडी, खणखणीत आवाजात, एकेक करून सगळे शब्द बोलली. साप. लांबडं. किरडू. राखणदार. पान लागलं. प्रत्येक शब्दानंतर ती थांबायची आणि बायकांकडे बघायची, त्यांनी मागून म्हणावं म्हणून. बायका खाली बघत होत्या. पायरीवरचा फोन उजळला आणि मऊ आवाजात म्हणाला, हा विषय संवेदनशील आहे.

मावशी गप्प झाली.

तेव्हा स्वरा उठली. तिने फोन दोन्ही हातांत धरला, तापलेलं भांडं धरावं तसा, आणि अंगण ओलांडून गडग्यापलीकडे गेली. माळावर बरीच लांब, दिसेनाशी होईपर्यंत. परत आली तेव्हा तिचे हात रिकामे होते. ती मावशीसमोर येऊन उभी राहिली. इतके दिवस कोणी तिला ते म्हणू दिलं नव्हतं.

"माझ्या आईला पान लागलं," ती म्हणाली.